कान आधी दाखवून घ्या
ताई, तुम्ही लिहिलंय की दत्तक आणलेला कॉकर स्पॅनियल कुत्रा चार दिवस झाले तरी पलंगाखालून बाहेर येत नाही आणि सारखी मान झटकतो. पलंगाखाली राहू दे त्याला. घर बदललंय, माणसं बदललीत. ओढून काढू नका, जेवणाची वेळ तेवढी रोज एकच ठेवा.

मान झटकणं मात्र उद्यावर टाकू नका. आमची कॉकरही मोठी झाल्यावरच घरी आली. खानापुरात पावसाची झड लागली की आमचे कपडेसुद्धा वाळत नाहीत, मग त्या लोंबत्या केसाळ कानांत हवा कुठून जाणार? एका रात्री कान उलटून बघितला तर आत लालभडक, तपकिरी मळ आणि आंबूस वास. डॉक्टरांनी आधी कानाचा पडदा शाबूत आहे का ते बघितलं, मगच थेंब दिले. म्हणून सांगते, घरातलं तेल किंवा जुने थेंब घालू नका. बड्स तर नकोच, मळ आणखी आत ढकलला जातो.

आता जेवायच्या वेळी जुन्या मोज्याचा पंजा कापून टाकून उरलेली नळी मी तिच्या डोक्यावरून सैलसर चढवते, म्हणजे कान भांड्यात बुडत नाहीत. फिरून आलात की बोटांच्या बेचक्यात आणि कानामागं गोचीड चाचपून बघा.

आणि कुंदा, म्हणजे ती खव्याची मिठाई, त्यानं कितीही मागितली तरी देऊ नका. या जातीचं वजन फार लवकर वाढतं. कांदा, द्राक्षं, मनुका तर विषच.