पॉवर हिटरला कितव्या नंबरवर पाठवावं? लाइनअप आज रात्रीच द्यायचाय

एडिसनकर
मंडळी, पटकन मदत हवी आहे. उद्या सकाळी आमच्या बेसबॉल टीमची बाद फेरीची मॅच आहे. मुख्य कोच बाहेरगावी आहेत, त्यामुळे बॅटिंग ऑर्डर ठरवायचं काम माझ्यावर आलंय. आमच्याकडे एक पोरगा आहे, चेंडू बॅटवर नीट बसला की थेट कुंपणापार. आजवर त्याला चौथ्या नंबरवर, क्लीनअपलाच खेळवलंय. पण होतं काय, पहिले तिघं झटपट आउट होतात, तीन आउटला इनिंग संपते आणि हा दुसऱ्या इनिंगची सुरुवात करायला येतो. बेसवर चिटपाखरू नसतं. होमरन मारली तरी घरी येणारा हा एकटाच, म्हणजे एकच रन. त्याला वर घेऊ का? घेतला तर पहिला, दुसरा की तिसरा? फक्त नंबर आणि कारण सांगा. क्रिकेटची उदाहरणं कृपया नकोत.

आकडेमोड
दुसरा. ऑर्डरमध्ये एकेक जागा खाली गेलं की १६२ मॅचच्या सीझनमध्ये साधारण अठरा वेळा बॅटिंग कमी मिळते. म्हणजे चौथ्यावरून दुसऱ्यावर आणलं तर पस्तीसएक संधी वाढतात. तिसरा नंबर दिसायला मानाचा, पण त्या जागेवरचा माणूस दोन आउट आणि बेस रिकामे अशा अवस्थेत वारंवार येतो. म्हणून सगळ्यात चांगले बॅटर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवावेत असं आकडेवारीवाले कधीपासून सांगतायत. न्यूयॉर्क यांकीजचा ॲरन जज २०२२मध्ये बराच काळ दुसराच खेळला, ६२ होमरन मारल्या.

स्वाती_फिली
मी तर म्हणेन पहिलाच पाठवा. आमच्या फिलाडेल्फियाचा काइल श्वार्बर बघा. २०२३मध्ये सरासरी फक्त ०.१९७, म्हणजे पाचात एक हिटसुद्धा नाही, त्यावर लोकांनी केवढा गोंधळ घातला होता! पण ४७ होमरन आणि १२६ वॉक (चार वाईट चेंडू सोडले की फुकटात पहिला बेस). पुढच्या वर्षी मॅचच्या पहिल्याच बॅटिंगला १५ होमरन, एका सीझनमधला विक्रम. समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, अजून अंदाज घेत असतो तोवर याने चेंडू स्टँडमध्ये धाडलेला असतो. अख्ख्या टीमला त्याने जोर येतो, हे मी मैदानात बसून पाहिलंय.

जुना_यांकी
चौथाच राहू द्या. १९२९ साली यांकीजनी पाठीवर नंबर लावले ते बॅटिंगच्या क्रमानेच. बेब रूथ ३, लू गेरिग ४. ही पद्धत उगाच टिकली का? आधीचे बेसवर जातात, मोठा बॅटर त्यांना घरी आणतो. तुमचे पहिले तिघं आउट होत असतील तर ते तिघं बदला. चौथ्याचा काय दोष?

आकडेमोड
काका, जजने ६२वी होमरन मारली ती टेक्सासमध्ये, लीडऑफ म्हणजे पहिला बॅटर म्हणून, मॅचच्या सुरुवातीलाच. तीही यांकीजकडूनच.

जुना_यांकी
आणि २०२४मध्ये? हुआन सोटो आला, दुसरा खेळला, जजला तिसऱ्यावर सरकवलं. ५८ होमरन. पुढे बेसवर जाणारा माणूस मिळाला की मोठ्या बॅटरला मागे ठेवतात, हेच तर मी म्हणतोय.

गावसकरप्रेमी
धागाकर्त्यांनी नको म्हटलंय तरी राहवत नाही. २७ मार्च १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान आखडली म्हणून सचिनला सलामीला पाठवलं. ४९ चेंडूंत ८२. त्याआधी वनडेत त्याला मधल्या फळीतच खेळवत होते. सगळ्यात चांगल्या खेळाडूला सगळ्यात जास्त चेंडू मिळाले पाहिजेत, खेळ कुठलाही असो.

आकडेमोड
मुद्दा पटतो, पण क्रिकेटमध्ये एकदा आउट झालं की डाव संपला. इथे पाळी फिरून येते. म्हणून ‘किती वेळा येणार’ याच्याइतकंच ‘तेव्हा बेसवर कोण असणार’ हेही पाहावं लागतं.

मुक्ता_आर
एडिसनकर, मुलांचं वय काय? कुठली लीग? नऊच जण बॅटिंग करतात की सगळे? हे कळल्याशिवाय नंबर सांगण्यात अर्थ नाही.

एडिसनकर
लिटल लीग, ११-१२ वर्षांची मुलं. बारा जण आहेत आणि बाराही जण बॅटिंग करतात, अर्थातच. आता नंबर सांगा ना कुणीतरी. नऊ वाजता यादी पाठवायची आहे.

मुक्ता_आर
अहो, इथेच तर सगळं बदललं! १६२ मॅचचा हिशोब तुमच्या कामाचा नाही. तुमच्याकडे इनिंग सहा, म्हणजे आउट अठरा. त्यात चारेक रन आणि चार-पाच जण बेसवर अडकलेले धरा. झाले सव्वीस-सत्तावीस बॅटर. बारा जणांच्या दोन फेऱ्यांत चोवीस संपले. तिसऱ्यांदा बॅट कुणाच्या हातात येणार? पहिल्या आणि दुसऱ्याच्या, फार तर तिसऱ्याच्या. चौथा हेल्मेट घालून वाट बघत बसणार आणि मॅच संपणार. तेही शेवटच्या इनिंगमध्ये, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

स्वाती_फिली
+१. म्हणून पहिला!

खानदेशी_वाघ
मी जळगावला शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलोय. आमचे सर पहिल्या दोघांना बंटच करायला लावायचे. चेंडू हळूच टेकवायचा आणि जीव खाऊन पळायचं. लहान पोरांचे थ्रो हमखास चुकतात. पहिले दोघं बंटवर बेसवर गेले की तुमचा पहिलवान तिसरा येऊ द्या. पोरांना आज संध्याकाळी तासभर बंटचा सराव द्या.

आकडेमोड
बंट म्हणजे बऱ्याचदा फुकटचा आउट. अठराच आउट आहेत, ते जपून वापरा.

खानदेशी_वाघ
कागदावर. मैदानात बारा वर्षांचा थर्ड बेसमन धावत पुढे येतो, चेंडू उचलताना धडपडतो आणि फर्स्टवरच्याच्या डोक्यावरून फेकतो. मी हे असंख्य वेळा बघितलंय. पोरांच्या खेळात चेंडू जमिनीवर खेळणारा राजा.

मिनल_टेक्सास
बॅट कुठली वापरतो तो मुलगा? लिटल लीगमध्ये २०१८पासून एकसंध लाकडी बॅट सोडली तर यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेलीच बॅट चालते, ट्रॅव्हल टीमची बॅट घेऊन गेलात तर अडवतील. मॅचच्या आधी सगळ्यांच्या बॅटा तपासा.

एडिसनकर
बॅटचा प्रश्नच नाहीये. बरं, आणखी एक. गेल्या मॅचमध्ये समोरच्यांनी त्याला मुद्दाम वॉक दिले, एकदाही खेळू दिलं नाही. आणि तो पळायला जरा जड आहे. लीडऑफला पळणारा लागतो ना?

मुक्ता_आर
हे तर सगळ्यात आधी सांगायचं! मुद्दाम वॉक देत असतील तर रिकाम्या बेसवर त्याला आणणं म्हणजे समोरच्यांची सोय करणं. बेस रिकामे असले की वॉक स्वस्तात पडतो.

जुना_यांकी
बॅरी बाँड्सला २००४मध्ये १२० वेळा मुद्दाम वॉक दिला होता. मागे भरवशाचा बॅटर नसला की असं होतं. याच्यामागे कोण येतो ते कळू द्या.

आकडेमोड
मागे चांगला बॅटर असला की पिचर याला चांगले चेंडू टाकतो, हा समज आकड्यांत फारसा टिकत नाही. पण मुद्दाम वॉक द्यायचा की नाही हे ठरवताना फरक पडतो, इथे काकांशी सहमत.

पळण्याबद्दल: त्या वयोगटात चेंडू बॅटरपाशी पोहोचेपर्यंत बेस सोडताच येत नाही. त्यामुळे लीडऑफला वेग पाहिजेच, हे तुमच्या लीगमध्ये तितकं खरं नाही. बेसवर जाता आलं पाहिजे, एवढंच.

मुक्ता_आर
माझं मत: दुसरा. आणि खरं काम यादीच्या शेपटाला आहे. सगळे बॅटिंग करतात म्हणजे यादी गोल फिरते. पहिल्या फेरीनंतर त्याच्या आधी येणार अकरावा, बारावा आणि पहिला. आपण सवयीने कच्ची पोरं शेवटी टाकतो आणि दुसऱ्या फेरीत मोठा बॅटर पुन्हा रिकाम्या बेसवर येतो. तुमच्याकडे चेंडू नीट पारखून वॉक काढणारी दोन-तीन मुलं असतील. नसतील मोठे फटके मारत, पण वाईट चेंडूला हात लावत नाहीत, अशी. एक पहिला ठेवा, दोन अकराव्या आणि बाराव्या जागेवर. कच्ची मुलं सातव्या ते दहाव्या जागेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत बेस भरलेले असण्याची शक्यता वाढेल आणि तेव्हा वॉक देणं त्यांना महागात पडेल.

स्वाती_फिली
हे मला पटलं. पहिल्याचा हट्ट सोडते. पण डॉजर्सचा ओहतानी २०२४मध्ये त्यांच्या पहिल्या नंबरच्या बेट्सचा हात मोडल्यावर पहिला खेळू लागला आणि त्या सीझनला ५४ होमरन, ५९ स्टील्स (चोरलेले बेस) झाल्या, एवढं नोंदवून ठेवते.

गावसकरप्रेमी
रोहित शर्माही आधी मधल्या फळीतच होता. २०१३च्या चॅम्पियन्स ट्रॉफीपासून कायमचा सलामीला आणला आणि मग तीन द्विशतकं.

स्कोअररकाकू
एक नियम सांगून ठेवते, कारण यादी आयत्या वेळी बदलली की हाच घोळ होतो. चुकीचा मुलगा बॅटिंगला गेला आणि मध्येच लक्षात आलं तर बरोबर मुलगा येऊन तोच काउंट (झालेले बॉल-स्ट्राइक) पुढे चालवतो. पण त्याची बॅटिंग पुरी झाली आणि पुढचा चेंडू पडायच्या आत समोरच्यांनी अपील केलं, तर ज्याची पाळी होती तो आउट. मुलांना जुन्या क्रमाची सवय असते, चौथा आपोआप चौथाच उठतो. डगआउटमध्ये मोठ्या अक्षरांत यादी चिकटवा आणि एका पालकाला फक्त ‘पुढचा कोण’ हे बघायला उभं करा.

एडिसनकर
यादी पाठवली. तो दुसरा. अकरा-बारावर मुक्ताताई म्हणाल्या तशी दोन मुलं टाकलीत, दोघंही खाली का ढकललं म्हणून रुसतील, त्यांना उद्या गाडीत समजावतो. बंटचं खानदेशी भाऊंचं पहिल्या पोराला सांगून बघेन, त्याला जमण्यासारखं आहे. स्कोअररकाकू, यादी छापायला टाकली आहे. सगळ्यांचे आभार.

जुना_यांकी
आणि तिसरा कोण? बेस भरलेले असताना याला वॉक दिला तर पुढचा चेंडू त्यालाच खेळायचाय. ते अजून सांगितलंच नाहीत.