असिताश्म, कणाश्म आणि ओट्यावरचा 'काळा ग्रॅनाइट'

प्रश्न (परभणी): मुलीच्या भूगोलात बेसाल्टला 'असिताश्म' म्हटलंय. विहीर खोदणारे 'काळा पाषाण लागला' म्हणतात, आणि आमच्या ओट्यावर काळा ग्रॅनाइट आहे. हे तिन्ही एकच का? आणि 'कणाश्म' कशाला म्हणायचं?

उत्तर (देगलूर): ताई, पहिले दोन एकच. असित म्हणजे काळा, अश्म म्हणजे दगड. कणाश्म म्हणजे ग्रॅनाइट. दोन्ही अग्निजन्य, शिलारस थिजून झालेले. फरक पडतो तो कुठे थिजले यामुळे. बेसाल्टचा लाव्हा जमिनीवर पसरला आणि लवकर निवला. स्फटिक मोठे व्हायला वेळच मिळाला नाही, म्हणून दगड फोडला तरी नुसत्या डोळ्यांना कण दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर, फार सावकाश निवला. आमच्या शिवारातला धोंडा फोडून उन्हात धरा: गुलाबी किंवा पांढरट फेल्डस्पार, काचेसारखं करडं क्वार्ट्झ आणि मध्येमध्ये चमकणारा काळा अभ्रक, सगळे वेगवेगळे ओळखू येतात. 'कणाश्म' हा शब्द घडवणाऱ्याने दगड हातात घेऊन पाहिला असणार, इतका तो चपखल आहे.

मराठवाडा जवळजवळ सगळा बेसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलेलं. ग्रॅनाइट उघडा दिसतो तो नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, देगलूर-बिलोली-मुखेडकडे. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर गाळाचा पातळ थर आणि त्याखाली पायाचा फार जुना स्फटिकी खडक लागला. जमिनीतही हा फरक उतरतो. तुमची काळी कापसाची, आमची ग्रॅनाइटवरची हलकी, वाळूसर.

आता ओट्याचं. 'काळा ग्रॅनाइट' हे दुकानातलं नाव. चांगलं पॉलिश घेणारा कुठलाही कठीण दगड फरशीवाल्यांकडे ग्रॅनाइटच असतो. काळा असेल तर तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो. त्यांतली खनिजं बेसाल्टसारखीच, फक्त निवायला जास्त वेळ मिळालेला. म्हणजे तुमचा ओटा ग्रॅनाइटपेक्षा विहिरीतल्या पाषाणाच्या जास्त जवळचा.

प्रश्न (जालना): दादा, मग 'मांजऱ्या' कुठे बसवायचा? आमच्याकडे विहिरीत पाषाणानंतर मांजऱ्या लागतो, पण तो काळा नसतो.

उत्तर (देगलूर): तोही बेसाल्टच. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडली आणि पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी भरली. रंग जांभळट, तांबूस. पाषाणाला सुरुंग लावावा लागतो, मांजऱ्या त्या मानाने मऊ. 'असिताश्म' शब्दाची अडचण इथेच आहे. तो रंगावर बेतलेला, त्यामुळे मांजऱ्या त्यात मावत नाही आणि ओट्याचा काळा दगड मात्र उगाच आत शिरतो. माझं मत विचाराल तर लिहिताना सरळ 'बेसाल्ट' लिहावं, बोलताना पाषाण आणि मांजऱ्या हे दोन्ही शब्द वेगळेच ठेवावेत. विहीर किती दिवसांत उतरेल, हे त्या दोन शब्दांवरून कळतं. 'असिताश्म' म्हटल्याने कळत नाही. परीक्षेत मात्र मुलीला असिताश्मच लिहू द्या, ताई. पुस्तकात तोच शब्द आहे.