मदत हवी आहे: नवसंगीत महोत्सवांचं रेडिओ प्रक्षेपण नीट कसं ऐकावं?

नमस्कार मंडळी,

नवसंगीत म्हणजे आजच्या काळातलं प्रयोगशील पाश्चात्त्य अभिजात संगीत. त्याचे दोन महोत्सव, जर्मनीतल्या डोनाउएशिंगनचा ऑक्टोबरमधला आणि इंग्लंडमधल्या हडर्सफील्डचा नोव्हेंबरमधला, दोन्ही मी रेडिओवरूनच ऐकतो. पहिल्याचं प्रक्षेपण जर्मनीची एसडब्ल्यूआर ही प्रसारण संस्था करते, दुसऱ्यातल्या मैफिली बीबीसी रेडिओ ३ वर लागतात. या संगीताला रेडिओनंच जगवलंय असं मला मनापासून वाटतं. लिगेती या संगीतकाराचं 'अ‍ॅटमॉस्फेअर्स' १९६१ मध्ये डोनाउएशिंगनलाच पहिल्यांदा वाजलं, तेही रेडिओच्याच वाद्यवृंदाकडून.

अडचण आवाजाची आहे. याच रचनेत पिकोलो (छोट्या, तीव्र सुरांच्या बासऱ्या) चढत चढत कानात घुसतात आणि क्षणात खाली नुसते डबल बास (खर्जातली मोठी तंतुवाद्यं) उरतात. काय कडेलोट आहे तो! पण माझ्याकडे सुरुवातीचे हळुवार सूर पार विरून जातात. आवाज वाढवला, तर पुढे हेडफोन काढायची वेळ येते. अ‍ॅपमधलं आवाज समान ठेवणारं सेटिंग लावलं की चढउतारच गायब.

जाणकारांनो, तुम्ही स्पीकर वापरता की हेडफोन? एफएमपेक्षा इंटरनेट स्ट्रीमवर हळू-मोठ्या आवाजातला हा फरक जास्त शाबूत राहतो का? आणि पोलंडमधल्या 'वॉर्सा ऑटम' या नवसंगीत महोत्सवाच्या मैफिली नियमित ऐकणारं कुणी असेल, तर कुठे ऐकता तेही कृपया सांगा.