मदत हवी आहे: भावाला स्वतःला काय वाटतंय तेच सांगता येत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे. छातीत जड, पोटात गोळा, झोप नाही. ईसीजी, रक्त सगळं नॉर्मल. "टेन्शन आहे का रे?" विचारलं की "माहीत नाही ताई, अंग दुखतंय." लपवत नाही तो, त्याला खरंच उमगत नाही.

परवा म्हणाला, "मी नसतो तर काय बिघडलं असतं?" सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात येतं का? (विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.) "कधीकधी." लगेच टेलिमानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416 वर फोन केला. मानसोपचारतज्ज्ञांची उद्याची वेळ घेतलीय, तोवर त्याला एकटं सोडत नाही.

अलेक्झिथायमियाबद्दल (स्वतःच्या भावना ओळखता, सांगता न येणं) वाचलं. हा स्वतंत्र आजार मानत नाहीत, पण भावना ओळखता न येणाऱ्यांत आत्महत्येचे विचार जास्त आढळतात. नैराश्याचाही त्यात मोठा वाटा. ते तपासायला टोरांटोची 20 प्रश्नांची चाचणी असते म्हणे.

ही चाचणी मराठीतून समजावून घेणारे, अंगदुखीच्या भाषेतूनच बोलतं करणारे समुपदेशक गंगापूर रोड किंवा इंदिरानगरकडे कुणाला माहीत आहेत का? त्याला सेकंड शिफ्ट असते, सकाळची वेळ हवी. आणि आईला कसं समजावू? ती म्हणते, गोदाघाटावर फिरून आला की होईल बरा.