बडोद्यातील मराठी मंडळाच्या ई-मेल यादीवरील पत्रव्यवहार (प्रेषकांच्या नावांऐवजी त्यांच्या वस्त्यांची नावे)

विषय : नावनोंदणी पानाचा कोड सार्वजनिक करण्यास परवानगी हवी (शुक्रवारच्या आत)

प्रेषक : वाडी

सर्वांना सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवातील स्पर्धांच्या नावनोंदणीसाठी मी जे पान केले, त्याचा कोड माझ्या गिटहब (कोड ठेवण्याचे संकेतस्थळ) खात्यावर सर्वांना पाहता येईल असा ठेवू द्यावा, अशी कार्यकारिणीला विनंती आहे. फ्रंट-एंड डेव्हलपरच्या, म्हणजे संकेतस्थळाचा लोकांना दिसणारा भाग कोडमध्ये लिहिणाऱ्याच्या, जागेसाठी अर्ज भरते आहे आणि अर्जात ‘कामाचा नमुना’ या रकान्यात एकच दुवा देता येतो. माझ्याकडे दाखवण्यासारखे बाकीचे सगळे काम छपाईचे आहे : मिठाईचे खोके, लग्नपत्रिका, औषधांची वेष्टने. ते पाहून मला पुन्हा डिझायनर म्हणूनच बोलावतील. लोकांनी प्रत्यक्ष वापरलेले आणि मी स्वतः लिहिलेले पान हे एकच आहे. मुदत शुक्रवारी रात्री संपते, म्हणून घाई करते आहे.

प्रेषक : कारेलीबाग

अनेक आशीर्वाद.

अर्ज करते आहेस याचा आनंद आहे. परंतु संकेतस्थळ मंडळाचे आहे आणि ते आज उभे राहिलेले नाही. नोंदणीचे पान ज्या साच्यात बसते तो साचा, सभासदांची वर्गवारी आणि पावती-क्रमांकाची व्यवस्था हे सर्व मागच्या कार्यकारिणीच्या काळात झाले आणि ते करणारे आम्ही दोघेही या ई-मेल यादीवर आहोत. उद्या मुलाखतीत पावती-क्रमांक कसा तयार होतो असे विचारले, तर ते उत्तर तुझे असणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कोणाचे काम कोठून सुरू होते आणि कोठे संपते, हे लिहिल्याशिवाय परवानगी देऊ नये.

दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे : त्या कोडच्या सोबत सभासदांची यादी दूरध्वनी क्रमांकांसह ठेवलेली होती. दिवाळी अंकाच्या वेळी यादी बाहेर गेल्यावर काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे.

प्रेषक : दांडिया बाजार

सभासदांच्या यादीबद्दल कारेलीबागेच्या भाऊंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण मुळात दुवा कोणता द्यावा, याविषयी माझे मत वेगळे आहे. फाइन आर्ट्समधून अप्लाइड आर्ट शिकलेल्या मुलीने आपली चित्रे झाकून ठेवावीत आणि चार महिन्यांचा कोड पुढे करावा, हे मला पटत नाही. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझे आयुष्य गेले. ज्याचा हात ज्या कामात मुरला आहे, ते काम त्याने आधी दाखवावे, असेच मी मुलांना सांगत आले. खोक्यांचे ते काम मी पाहिले आहे आणि ते उत्तम आहे.

शिवाय आपल्या गावाला हे वळण नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली प्रा. त्रि. क. गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले, तेव्हा तेथे चित्रकला, यंत्रविद्या, रंगविद्या आणि सुतारकाम एका छपराखाली शिकवले जात असे. दादासाहेब फाळके तेथेच शिकले आणि चित्रकलेकडून छायाचित्रणाकडे व पुढे चित्रपटाकडे गेले. त्यांनी आधीची कला टाकून दिली नव्हती. मग हिनेच का टाकावी?

प्रेषक : मांजलपूर

काकूंनी कलाभवनाचा दाखला दिला तो योग्यच आहे, मात्र त्यातून माझा निष्कर्ष उलट निघतो. फाळके छायाचित्रणाकडे गेले तेव्हा त्यांनी छायाचित्रेच दाखवली असणार.

आमच्या कार्यालयात अशा जागांच्या मुलाखतींना मी बसतो. सुंदर पोर्टफोलिओ घेऊन आलेल्या एका उमेदवाराला आम्ही विचारले की, फॉर्ममध्ये दूरध्वनी क्रमांक चुकला तर चूक कोठे दिसेल आणि माउस न वापरता केवळ टॅब कळ दाबत शेवटच्या बटणापर्यंत जाता येईल का. फिग्मा या आराखडे काढण्याच्या साधनात त्याने चूक दाखवणारी लाल चौकट रेखाटली होती, पण ती चौकट पानावर केव्हा आणि कशाने उमटते, हे त्याला सांगता आले नाही. त्याच्या पानावर जे बटण सगळे दाबत होते ते कोडमध्ये बटण नव्हतेच, नुसता रंगवलेला चौकोन होता, त्यामुळे कळफलकावरून तेथे पोहोचताच येत नव्हते. एकच दुवा द्यायचा असेल तर तो कोडचा द्यावा आणि त्या पानावरून खोक्यांच्या कामाकडे जाणारा दुवा ठेवावा.

आता यादीविषयी. भाऊंची भीती त्यांना वाटते त्याहून अधिक खरी आहे. यादीची फाइल नंतर काढून टाकली असली, तरी गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या जुन्या नोंदींत ती जशीच्या तशी राहते आणि कोड सार्वजनिक केला की जुन्या नोंदीही सार्वजनिक होतात. म्हणून आहे ते भांडार (कोड आणि त्याच्या नोंदी जेथे एकत्र राहतात ती जागा) उघडू नये. नवे भांडार काढावे, त्यात आजच्या स्थितीतील फाइली तेवढ्या ठेवाव्यात, जुन्या नोंदी नेऊ नयेत आणि सभासदांच्या जागी बनावट नावे व क्रमांक घालावेत. लघुसंदेश पाठवणाऱ्या सेवेची गुप्त चावी (पासवर्डसारखा संकेत) कोडमध्ये लिहिलेली असेल, तर ती आजच बदलून घ्यावी, मग परवानगी मिळो वा न मिळो.

प्रेषक : वाडी

दादा, चावी बदलण्याविषयी मी कार्यवाहांना आत्ताच कळवले आहे. नवे भांडार आज रात्री तयार करते.

काका, पावती-क्रमांकाची व्यवस्था तुमची आहे, आणि तसे लिहिण्यास मी आनंदाने तयार आहे. पण पानावर मी काय केले, तेही सांगू द्यावे. पूर्वीच्या पानावर शीर्षकाच्या अक्षरांत अंतर वाढवलेले होते. इंग्रजी अक्षरांना ते शोभते. देवनागरीत मात्र त्याने शिरोरेखा तुटते आणि ‘गणेशोत्सव’ या शब्दाचे सुटे तुकडे दिसतात. ओळीची उंची अक्षराच्या उंचीएवढीच ठेवलेली असल्याने ‘श्री’ची वेलांटी वरून कापली जात होती. मोबाइलवर हे अधिकच जाणवत असे. मी अंतर काढले, ओळीची उंची वाढवली आणि पानाची भाषा मराठी असल्याची खूण कोडमध्ये घातली. ती खूण असली आणि फाँटमध्ये सोय असली, तर ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची येतात. नसेल तर बहुधा हिंदी वळणाची येतात. फाँट उशिरा उतरत असल्याने मजकूर वाचता वाचता खाली सरकत असे आणि बोट भलत्याच रकान्यावर पडत असे. त्यासाठी तात्पुरत्या फाँटचे माप मूळ फाँटशी जुळवून घेतले.

काकू, यातली प्रत्येक गोष्ट मला दिसली ती अप्लाइड आर्ट शिकल्यामुळे, आणि दुरुस्त करता आली ती कोड शिकल्यामुळे. म्हणूनच हे पान दाखवायचे आहे. खोके झाकून ठेवण्याचा माझा विचार नाही.

प्रेषक : कारेलीबाग

वेलांटीचे मान्य. पण शीर्षकाचा भगवा रंग बदललेला मी आज पाहिला. तो रंग वार्षिक सभेत ठरलेला आहे आणि मंडळाच्या फलकावर, पावतीवर व पताकांवर तोच आहे. सभेने ठरवलेला रंग एका सभासदाने परस्पर बदलावा, हे योग्य नाही.

प्रेषक : वाडी

काका, रंग ठेवला आहे, फक्त त्याची जागा बदलली आहे. पांढऱ्यावरच्या लहान अक्षरांसाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ असावे, असे वेबच्या सुलभतेच्या निकषांत म्हटले आहे. मोठ्या अक्षरांना ३ चालते. आपला भगवा पांढऱ्यावर दोनाच्या थोडासा वर भरतो, म्हणजे मोठ्या शीर्षकालाही तो पुरत नाही. म्हणून भगवा पट्टा तसाच ठेवला आणि अक्षरे गडद तपकिरी केली.

प्रेषक : अलकापुरी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी मला ते भगवे शीर्षक वाचता येत नव्हते आणि दर वर्षी माझे नाव सूनबाई भरून देत असत. यंदा गीतगायनात मी स्वतः नाव नोंदवले. रंगाची बाब सभेत पुन्हा मांडायची असल्यास माझा पाठिंबा गडद अक्षरांना आहे, याची नोंद घ्यावी.

प्रेषक : दांडिया बाजार

अलकापुरीच्या वहिनींनी लिहिले ते वाचून समाधान वाटले. मुलीने सांगितलेले शिरोरेखेचे काम मी आता मोबाइलवर नीट पाहिले. हे दाखवावे. माझी एकच अट आहे की खोक्यांचा दुवा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकू नये, वरच ठेवावा.

प्रेषक : कार्यवाह

कार्यकारिणीतील सर्वांशी दूरध्वनीवरून बोलणे झाले. पुढील अटींवर परवानगी देण्यात येत आहे. मांजलपूरच्या दादांनी सुचवल्याप्रमाणे भांडार नवे असावे, त्यात जुन्या नोंदी नसाव्यात आणि एकाही सभासदाचे खरे नाव वा क्रमांक असू नये. उघडण्यापूर्वी ते दादांनी स्वतः तपासावे. मंडळाचे बोधचिन्ह त्यात ठेवू नये. पूर्वीच्या कामाचा उल्लेख कारेलीबागेच्या काकांना दाखवून घ्यावा. रंगाचा विषय पुढील सभेत घेऊ, तोपर्यंत पान आहे तसे राहील. संदेशसेवेची चावी आज दुपारी बदलली आहे.

प्रेषक : वाडी

मनःपूर्वक आभार. भांडाराच्या पहिल्या पानावर पुढील मजकूर घालते आहे. काका, आपण पाहून सांगावे :

“एका मराठी मंडळाच्या स्पर्धा-नोंदणीचे हे पान आहे. संकेतस्थळाचा साचा, सभासदांची वर्गवारी आणि पावती-क्रमांकाची व्यवस्था मंडळाच्या दोन ज्येष्ठ सभासदांची आहे. नोंदणीचा फॉर्म, त्यातील चुकांच्या सूचना, देवनागरी अक्षरांची मांडणी, रंगसंगती आणि मोबाइलवरील रचना माझी आहे. सर्व नावे व क्रमांक बनावट आहेत. माझे छपाईतील काम येथे पाहावे.”

प्रेषक : कारेलीबाग

मजकूर ठीक आहे. ‘दोन ज्येष्ठ सभासदांची’ याऐवजी ‘मागील कार्यकारिणीची’ असे कर, कारण हिशेबाच्या तपासणीत तिसऱ्यांचीही मदत झाली होती. पावती-क्रमांक वर्ष आणि स्पर्धेची संज्ञा जोडून तयार होतो आणि एकच क्रमांक दोनदा जाऊ नये म्हणून नोंद झाल्यावरच तो दिला जातो, आधी नाही. मुलाखतीत कोणी विचारले तर तुला सांगता यावे, म्हणून उद्या सायंकाळी सातनंतर दूरध्वनी कर, तो भाग ओळीओळीने समजावून देतो.