मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिसणारे ठिपके

डोळ्यापुढे तरंगणारे ठिपके का दिसतात, या चर्चेत कोणी म्हटले आहे की मराठवाड्यातील ऊन आणि कमी पाणी पिणे यांमुळे डोळ्यातील जेली (डोळ्याच्या आत भरलेला पारदर्शक, घट्टसर पदार्थ) ‘आटते’; ते मत मला पटत नाही. तिच्यात सुमारे ९९ टक्के पाणीच असते, आणि वयाबरोबर विस्कटते ती कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू व पाणी धरून ठेवणारे हायलुरॉनिक आम्ल यांची बांधणी, त्यामुळे जेली उलट पातळ होते. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर असे ठिपके लवकर दिसू शकतात, हा तिथला मुद्दा मात्र योग्यच आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख कोणी केलेला दिसत नाही. तिच्यानंतर जेली डोळ्याच्या मागच्या पडद्यापासून (रेटिनापासून) सुटण्याची क्रिया अनेकदा लवकर घडते, आणि त्यामुळेही असे ठिपके दिसतात. बीडला राहणाऱ्या माझ्या मावशीला शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी डोळ्यापुढे माश्या फिरल्यासारखे ठिपके दिसू लागले, तेव्हा शस्त्रक्रिया बिघडली असेच घरी सर्वांनी (मीसुद्धा) धरले होते. बाहुली मोठी करून तपासल्यावर जेली सुटल्याचे कळले, पडदा शाबूत होता.