डायलिसिस: केळं-शहाळं बंद, तरी पोटॅशियम ६.३

मिरजकर:
बाबा ६१ वर्षांचे, मधुमेह जुना. मंगळ-गुरू-शनी चार-चार तास डायलिसिस. कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं) ५८ किलो. या मंगळवारी डायलिसिसच्या आधीचं पोटॅशियम ६.३ आलं आणि शनिवारपासून वजन ३.८ किलो चढलेलं. केळी, शहाळं, संत्री, टोमॅटो बंद आहेत. भाजी चिरून तासभर पाण्यात ठेवतो, मग कुकरला लावतो. मीठ 'लो सोडियम'वालं आणलंय. लघवी दिवसाला २०० मिली, म्हणून पाणी मोजून ७०० देतो. पण तहान एवढी की रात्री तांब्यावरून भांडण. चुकतंय कुठे? वर आषाढीचा उपवास धरायचा हट्ट आहे.

फोडणी:
ते मीठ आजच घराबाहेर काढा. त्यात सोडियम क्लोराइडचा काही वाटा कमी करून पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं, पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. म्हणजे केळं बंद केलंत आणि पोटॅशियम चमच्याने वाढलंत. सैंधवाच्या नादीही लागू नका, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. साधं मीठच वापरा, पण मोजून.

दुसरी गडबड कुकरची. नुसतं गार पाण्यात भिजवून पोटॅशियम फारसं निघत नाही. भाजी उकळली की पेशी फुटतात, तेव्हा ते पाण्यात उतरतं. कुकरात वाटीभर पाणी घालून शिट्ट्या काढल्या की जे सुटलं ते रसासकट परत ताटात. त्याऐवजी साल काढून पातळ चकत्या करा, भाजीच्या पाचपट पाणी उघड्या पातेल्यात उकळवा, त्यात भाजी पाचेक मिनिटं उकळून पाणी ओतून द्या. मग नव्या पाण्यात शिजवा, तेही पाणी मोरीत. त्यानंतर फोडणी. बटाटा, सुरण, लाल भोपळा यांना हे दोन्ही हप्ते हवेतच, आणि तरी वाढायचं अर्धी वाटीच. दुधी, पडवळ, कोबी मुळातच बऱ्या. भाजी पुचाट लागते हे खरं, म्हणून फोडणीत लसूण, जिरं, ओवा, हिरवी मिरची सढळ हाताने घाला.

वरणाचंही तेच. डाळ भिजवून, भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी टाका. कटाची आमटी आणि भाज्यांचं सूप म्हणजे आपण टाकतोय तेच पाणी वाटीत घेऊन पिणं.

आणि डायलिसिसआधी सांगितलेलं 'प्रोटीन कमी' अजून चालू असेल तर थांबवा. आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे बाबांना रोज ५८ ते ७० ग्रॅम. अंड्याचा पांढरा बलक चांगला, एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास मिळतं.

सुईदोरा:
मशीनच्या बाजूने थोडं. तासाला किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त पाणी ओढू नये असं धरतात. ५८ किलोला तासाला साधारण ७५० मिली, चार तासांत ३ लिटर. तुम्ही ३.८ घेऊन गेलात. मग एकतर पाणी अंगात राहतं, नाहीतर शेवटच्या तासात बीपी कोसळतं आणि पोटरीत गोळे येतात. दोन डायलिसिसच्या मधली वाढ अडीच किलोच्या आत ठेवायची. शनी ते मंगळ हा मोठा खंड असतो, वजन आणि पोटॅशियम दोन्ही तिथेच चढतात, म्हणून रविवार-सोमवारचं ताट सगळ्यात कडक.

आता तहान. तुम्ही तांब्यावर पहारा देताय, पहारा मिठाच्या बरणीवर हवा. सलाइनच्या लिटरभर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. पोटात ९ ग्रॅम गेलं की शरीर लिटरभर पाणी मागणारच. दिवसाचं मीठ ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, सगळं धरून. सकाळीच वाटीत काढून ठेवा. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचे पदार्थ यात धरतच नाहीत लोक. पापडखार आणि खायचा सोडाही सोडियमच. चहा, ताक, आमटी, गोळ्या गिळायचं पाणी हे सगळं त्या ७०० मध्येच येतं. साखर वाढलेली असेल तरी तहान लागते, ती तपासा.

पोटॅशियम नेहमी ताटातूनच चढतं असं नाही. बद्धकोष्ठ आहे का? किडनी बंद पडली की आतडं बरंच पोटॅशियम बाहेर टाकतं, तेच तुंबलं तर वाढतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही (टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन) चढतं. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढतो. पण खोटा आहे असं स्वतःच ठरवू नका. पायांतली ताकद गेल्यासारखी वाटली, छातीत धडधड किंवा ठोके चुकल्यासारखे झाले, तर पुढच्या वाराची वाट न बघता थेट इमर्जन्सीत, ईसीजी काढायला.

पडवळ:
उपवासाबद्दल. निव्वळ साबुदाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसतंच, खिचडीत ते येतं दाण्याच्या कुटातून आणि बटाट्यातून. राजगिरा, रताळं, खजूर, सुकामेवा नकोच. त्यात मधुमेह, इन्सुलिन असेल तर उपाशी राहणं आणखी धोक्याचं. धरायचाच म्हणाले तर आधी डॉक्टरांशी बोला. होकार असेल तर वरीचा भात, जिऱ्या-मिरचीची फोडणी, मीठ त्याच वाटीतलं. साखर उतरली तर संत्र्याचा रस नाही, तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज.

एक फळ यादीत नसतं म्हणून सांगते: कमरक (स्टार फ्रूट), गोव्याकडे करमल म्हणतात ते. किडनीच्या रुग्णाला त्याची फोडसुद्धा नको. त्यातलं विष किडनीतून बाहेर पडत नाही, मेंदूवर जातं. आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके. लोणच्यातही नको.

मिरजकर:
मीठ काढलं. पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलंच होतं. फॉस्फरसची गोळी (सेव्हेलामर) सकाळी उपाशीपोटी देतो, ते बरोबर ना?

सुईदोरा:
नाही. ती अन्नातल्या फॉस्फरसला पोटात धरून ठेवते, अन्नच नसेल तर धरणार काय? जेवणाबरोबरच, पहिल्या-दुसऱ्या घासाला, आणि अख्खी गिळायची, चावायची नाही. तिन्ही जेवणांना किती ते चिठ्ठीत असेल, बघून घ्या.